सतरा मिलिमीटरचा इतिहास

मराठी माणूस टॉर्चला 'बॅटरी' म्हणतो आणि बॅटरीला 'सेल' म्हणतो. शब्दकोशात 'विजेरी' असा छान शब्द आहे, पण "अरे, विजेरी आण जरा" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय :) लाईट गेले की घरोघरी "बॅटरी कुठंय?" हीच हाक ऐकू येते. गंमत म्हणजे बोलीभाषेतल्या या घोटाळ्यात थोडा इतिहास दडलेला आहे. टॉर्च म्हणजे सेल आणि त्याला जोडलेला दिवा, मध्ये एक बटण, बाकी काही नाही... अशीच परिस्थिती जवळजवळ शंभर वर्षं होती.

आता टॉर्चमध्ये आणखी एक वस्तू असते. दिव्याच्या मागे, सेलच्या टोकाला टेकलेला एक गोल सर्किट बोर्ड. व्यास साधारण १७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या आठ आण्याच्या नाण्याहूनही लहान. हौशी मंडळींच्या भाषेत याला 'ड्रायव्हर' म्हणतात. जगभरात बरेच लोक हा बोर्ड स्वतः डिझाईन करतात, छापून आणतात, त्यावर घरी पार्ट बसवतात आणि त्यासाठी प्रोग्रॅमही स्वतः लिहितात. गेली दोन वर्षं मीही त्यांच्यातलाच एक. सोमवार ते शुक्रवार ऑफिसात जावा, शनिवार-रविवार हा उद्योग.

"पाचशे रुपयांत मिळते की रे बाजारात!" असं बाबा म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खरंच आहे. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी या बोर्डाचा इतिहास वाचायला लागलो आणि त्यात पार अडकलो. आजचा लेख त्याबद्दल.

सुरुवात १८९९ पासून. त्या वर्षी १० जानेवारीला न्यूयॉर्कमधल्या डेव्हिड मिझेल या संशोधकाला हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं. नळकांडं, त्यात एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब आणि परावर्तक. आजच्या टॉर्चचं चित्र काढलंत तर त्याच्याशी सहज जुळेल. हे पेटंट होतं कॉनरॅड ह्युबर्टच्या कंपनीकडे. हा मूळचा मिन्स्कचा, रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेला ज्यू माणूस. 'एव्हर रेडी' हे नाव याच कंपनीचं. तेव्हाचे सेल इतके अशक्त होते की दिवा सलग लावून ठेवला की मान टाकायचे. थोडा वेळ चमकवायचा, मग विश्रांती द्यायची. अमेरिकेत त्याला 'फ्लॅशलाईट' हे नाव पडलं ते यामुळे.

पुढची ऐंशी वर्षं सेल सुधारले, बल्ब सुधारले, नळकांडं कागद-फायबरचं होतं ते धातूचं झालं. १९७९ साली मॅगलाईटचे दणकट ॲल्युमिनियमचे टॉर्च आले. पण आत सर्किट नव्हतंच. का नव्हतं? कारण त्याची गरज नव्हती. बल्बमधली तार तापली की तिचा रोध वाढतो आणि वाढलेला रोध करंटला आपोआप लगाम घालतो. म्हणजे स्वतःचा सांभाळ स्वतः करणारा दिवा. सेल उतरत गेला की उजेड पिवळा पिवळा होत जायचा, एवढीच काय ती तक्रार.

हा साधा संसार मोडला तो एलईडीने. निळा झळझळीत एलईडी जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुराने १९९३ मध्ये आणला (त्याला आणि अकासाकी-अमानो या दोघांना २०१४ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी). त्यावर पिवळा फॉस्फर चढवून १९९६ मध्ये पांढरा एलईडी आला. मग २००० च्या आसपास एक वॅटचा 'लक्सिऑन' आला आणि टॉर्चवाल्यांचे डोळे अक्षरशः दिपले.

पण एलईडीचा स्वभाव बल्बच्या बरोबर उलटा. व्होल्टेज तीन व्होल्टच्या आसपास जाईपर्यंत हा ढिम्म. त्यापुढे एखाद-दोन दशांश व्होल्ट वाढले की करंट भसाभस वाढतो. तापला की आणखीच मोकळा सुटतो. याला व्होल्टेज देऊन भागत नाही, मोजून करंट द्यावा लागतो. म्हणून सेल आणि दिवा यांच्यामध्ये कुणीतरी शहाणं माणूस बसवणं भाग पडलं. तो शहाणा माणूस म्हणजे आपला हा गोल बोर्ड. त्याचा आकारही दुसऱ्याच कुणीतरी ठरवला. पूर्वी लॅपटॉपमध्ये सर्रास वापरायचे तो १८६५० हा लिथियम-आयन सेल, म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. तो बसेल अशा नळीच्या तोंडाशी बोर्ड बसवायचा, तर १७ मिमी ही चांगली सोयीची मापं. लॅपटॉपवाल्यांनी आपल्या सोयीसाठी एक सेल निवडला आणि आमच्या कॅनव्हासचा आकार ठरून गेला!

पण थांबा. 'सर्किट बोर्ड छापून आणतात' असं मी वर सहज लिहून गेलो. सर्किट 'छापणं' ही कल्पना कुणाला सुचली? इथे कथेत पॉल आयस्लर येतो, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटलेला माणूस हाच.

आयस्लर १९०७ साली व्हिएन्नात जन्मला. १९३० मध्ये इंजिनिअर झाला. हुशार होता, पण ज्यू होता, आणि त्या काळच्या व्हिएन्नात ज्यू इंजिनिअरला नोकरी मिळणं कठीण. काही काळ त्याने एका रेडिओविषयक नियतकालिकात काम केलं आणि तिथे छपाईची कला जवळून पाहिली. अक्षरं, ठसे, शाई, ॲसिडने कोरलेल्या पट्ट्या. इंजिनिअरचं डोकं आणि छापखान्याची नजर अशी जोडगोळी त्याच्याकडे जमली. १९३६ मध्ये तो लंडनला गेला, आणि भाड्याच्या खोलीत राहून त्याने एक रेडिओ बनवला. त्या रेडिओत वायरींचं जंजाळ नव्हतं. विजेच्या वाटा एका पाटीवर धातूच्या पातळ पत्र्यातून कोरलेल्या होत्या.

त्या काळी रेडिओ कसा जोडत असत ते आठवा (म्हणजे आजोबांच्या घरच्या रेडिओचं मागचं झाकण आठवा). प्रत्येक वायर हाताने कापायची, वळवायची, सोल्डर करायची. कारखान्यात हे काम रांगेने बसलेल्या मुली करायच्या. आयस्लर आपला शोध घेऊन प्लेसी या मोठ्या कंपनीकडे गेला. त्यांनी नकार दिला. त्याने नंतर आठवणींत लिहिलंय त्यानुसार कारण साधं होतं: हे काम मुली करतात आणि त्या जास्त स्वस्त पडतात, शिवाय जास्त लवचीकही आहेत.

मंडळी, हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. 'स्वस्त आणि लवचीक'. आपलं हिंजवडी याच दोन शब्दांवर उभं आहे की नाही? आपल्याला 'रिसोर्स' म्हणतात, बेंचवर बसवतात, एका प्रोजेक्टवरून उचलून दुसऱ्यावर ठेवतात. क्लायंटच्या देशातलं काम आपल्याकडे आलं ते आपण फार थोर म्हणून नव्हे, तर यंत्रापेक्षा आणि तिथल्या माणसापेक्षा आपण स्वस्त आणि लवचीक होतो म्हणूनही. त्या मुलींची नावं कुणालाच माहीत नाहीत. छापील सर्किट अखेर आलंच, आणि हाताने वायरी जोडण्याचं ते काम हळूहळू संपलं. नकार मिळाल्याने शोध काही वर्षं लांबला, पण थांबला नाही. हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोड लिहिणाऱ्या यंत्रांच्या गप्पा रंगतात तेव्हा मला तो प्लेसीचा नकार आठवतो.

आयस्लरचं पुढचं आयुष्यही ओळखीचं वाटेल असंच. युद्ध सुरू झाल्यावर त्याला 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून काही काळ स्थानबद्ध केलं. नाझींपासून पळून आलेल्या माणसाला! सुटल्यावर त्याला हेंडरसन अँड स्पाल्डिंग या लिथोग्राफीच्या कंपनीत आसरा मिळाला. त्याच कंपनीच्या 'टेक्नोग्राफ' या शाखेने त्याच्या शोधात पैसे घातले आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. पण नोकरीचा करार त्याने नीट न वाचताच सही केला होता. नोकरीत असताना लागलेले सगळे शोध नाममात्र एका पौंडात कंपनीचे, असं त्यात होतं. बदल्यात टेक्नोग्राफमध्ये साडेसोळा टक्के हिस्सा मिळाला. आता खरं सांगा, जॉइनिंगच्या दिवशी एचआरने समोर ठेवलेल्या त्या कागदांच्या गठ्ठ्यातलं शोधांविषयीचं कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? :)

दरम्यान अमेरिकेत युद्धासाठी दुसऱ्याच वाटेने सर्किट छापणं सुरू झालं होतं. विमानाच्या जवळ जाताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या फ्यूजमध्ये एवढासा रेडिओ बसवायचा होता, तोही तोफेतून उडण्याचा धक्का सोसेल असा. त्यासाठी चिनी मातीच्या पाटीवर चांदीच्या शाईने वाटा छापल्या गेल्या. युद्धानंतर छापील सर्किटचं तंत्र उद्योगांपर्यंत पोचलं, आणि आयस्लरची तांब्याचा पत्रा कोरायची पद्धत सगळीकडे पसरली. पैसा मात्र त्या प्रमाणात त्याच्याकडे आला नाही. १९५७ मध्ये त्याने टेक्नोग्राफ सोडली. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९६३ मध्ये कोर्टाने तिथली पेटंटं रद्दबातल ठरवली. आयस्लर पुढेही शोध लावत राहिला आणि १९९२ मध्ये लंडनमध्ये वारला. आज तुमच्या खिशातल्या मोबाईलपासून रिक्षाच्या मीटरपर्यंत सगळीकडे त्याची कल्पना आहे, आणि त्याचं नाव मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही ऐकायला मिळालं नाही.

या कथेत व्हिएन्नाचा आणखी एक माणूस आहे. जोसेफ गर्बर, जन्म १९२४. हाही ज्यू, हाही नाझींच्या तावडीतून निसटलेला. १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत पोचला. कॉलेजात असताना आकडेमोडीचा कंटाळा आला म्हणून पायजम्याचं इलॅस्टिक काढून त्याने ताणता येणारी मोजपट्टी बनवली, अशी त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातून कंपनी निघाली, आणि पुढे त्या कंपनीने फोटोप्लॉटर बनवला. म्हणजे फिल्मवर उजेडाने चित्र काढणारं यंत्र. सर्किट बोर्डाचा नकाशा यावर काढायचा, ती फिल्म तांब्याच्या पाटीवर ठेवायची आणि पुढचं काम रसायनांचं.

या यंत्राला द्यायच्या आज्ञांची फाईल म्हणजे 'गर्बर फाईल'. १९८० मध्ये तिचं प्रमाण रूप छापून प्रसिद्ध झालं. आजही जगात कुठेही बोर्ड बनवायला टाकायचा तर बहुधा गर्बर फाईलच पाठवतात. मी माझ्या टॉर्चच्या बोर्डाची फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघितली. तिच्यात तीन मुख्य आज्ञा. डी०१ म्हणजे उजेड चालू ठेवून रेघ ओढ. डी०२ म्हणजे उजेड बंद करून सरक. आणि डी०३ म्हणजे 'फ्लॅश', जागच्या जागी एकदा चमकव. फिल्म, दिवा, यंत्र हे सगळं आता बहुतेक ठिकाणी बदललंय, पण आज्ञा तशाच राहिल्यात. टॉर्चचा बोर्ड बनवायच्या फाईलमध्ये ओळीमागून ओळ 'चमकव, चमकव' लिहिलेलं असतं. मला तर हे फारच आवडलं बुवा!

आता या १७ मिलिमीटरवर काय काय असतं ते सांगतो. हौशी बोर्डांचा खरा नायक म्हणजे एएमसी७१३५ नावाची तीन पायांची चिप. एका चिपमधून ३५० मिलिअँपिअर करंट जातो, ना कमी ना जास्त. जास्त हवा तर चिपा शेजारी शेजारी लावायच्या. आठ लावल्या की २.८ अँपिअर. तत्त्व सोपं, पण फुकट काही नाही. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि एलईडीला लागतात समजा ३.३. उरलेल्या ०.९ व्होल्टची उष्णता होते. २.८ अँपिअरला ती अडीच वॅट भरते, आणि ती आठाण्याहून लहान जागेत! म्हणून बोर्डवर तांब्याचा प्रत्येक चौरस मिलिमीटर उष्णता बाहेर न्यायला जुंपावा लागतो. आमचं निम्मं डिझाईन म्हणजे वीज कुठून न्यायची हे नसतं, तर ताप कुठून घालवायचा हे असतं.

दुसरी वस्तू मेंदू. अनेक बोर्डांवर असतो तो एटीटायनी१३ए, आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर. हा एव्हीआर घराण्यातला. या घराण्याचा जन्म नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाईममधला, बोगेन आणि वोलान या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून आलेला. याच्यात प्रोग्रॅमला जागा आहे १ केबी. परत वाचा, १ केबी. आणि रॅम ६४ बाईट. ऑफिसात आमच्या सर्व्हरवर एखादी एरर आली की तिचा जो लांबलचक स्टॅकट्रेस पडतो ना, तो यात मावणार नाही! पण या १ केबीत उजेडाचे पाच टप्पे, सेल उतरल्याची सूचना, शेवटचा टप्पा लक्षात ठेवणं, सगळं बसतं. एकेक बाईट वाचवताना लहानपणी आई महिनाअखेरीला हिशेब लिहायची ते आठवतं.

यातली एक युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बऱ्याच टॉर्चचं बटण शेपटीला असतं आणि ते दाबलं की वीजच तोडतं. म्हणजे मेंदू मरतो. मग अर्धं दाबून सोडल्यावर 'पुढचा टप्पा' आणि पूर्ण बंद करून लावल्यावर 'पहिला टप्पा' हे मेलेल्याला कसं कळणार? हौशी लोकांचं उत्तर म्हणजे एका पायाला एक छोटा कपॅसिटर. टॉर्च चालू असताना तो भरलेला असतो, बंद झाली की हळूहळू गळतो. मेंदू जागा झाला की आधी त्याचं व्होल्टेज मोजतो. बरंच शिल्लक असलं तर झोप क्षणभराची होती, संपलं असलं तर मोठी होती. थोडक्यात, घटिकापात्र! आपल्या लग्नांत मुहूर्तासाठी पाण्यात सोडायचे ना वाटी, तीच कल्पना एका तांदळाच्या दाण्याएवढ्या कपॅसिटरमध्ये.

पुढे लोकांची भूक वाढली. मॉस्फेट लावून सेल थेट एलईडीला जोडायचे बोर्ड आले. त्यात करंटला लगाम फक्त सेलच्या आणि वायरींच्या रोधाचा. उजेड प्रचंड, आणि टॉर्च मिनिटभरात हातात धरवत नाही. इथे खेळ संपतो आणि जबाबदारी सुरू होते. लिथियम सेल हा खेळणं नाही, आणि खिशात चुकून लागलेली अशी टॉर्च कापड जाळू शकते. म्हणून मग ८ केबीचा एटीटायनी८५ आला, ज्याच्यात तापमान मोजायची सोय आहे. टॉर्च तापली की प्रोग्रॅम स्वतःच उजेड उतरवतो. 'अँड्युरिल' सारखे प्रोग्रॅम तर खुल्या परवान्याखाली आहेत, कुणीही वाचावेत, बदलावेत. हौशी माणसांनी लिहिलेला तो प्रोग्रॅम आज विकत मिळणाऱ्या टॉर्चांमध्ये असतो. टेक्नोग्राफच्या वकिलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

हे सगळं घरी करता येतं याला दोन कारणं. एक म्हणजे सॉफ्टवेअर. १९८८ पासूनचं 'ईगल' हौशी लोकांचं लाडकं होतं. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कने घेतलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ ला ते बंद. ज्यांची वर्षानुवर्षांची डिझाईन्स त्यात होती त्यांचं काय झालं असेल, विचार करा. मी 'कायकॅड' वापरतो. ते १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकाने सुरू केलं, पुढे सर्न या संस्थेने हातभार लावला. ते खुलं आहे, त्यामुळे कुणा कंपनीच्या एका पत्रकाने बंद पडायची भीती नाही.

दुसरं कारण म्हणजे भिशी. हो, भिशीच! एक बोर्ड छापायला कारखान्याला मोठी पाटी लागते आणि ती महाग. मग अमेरिकेत ओश पार्कवाल्यांनी अनेकांची छोटी डिझाईन्स एका पाटीवर बसवून खर्च वाटून घेतला. त्यांचा दर बरीच वर्षं चौरस इंचाला ५ डॉलर, तोही तीन नगांचा. १७ मिमीचा चौकोन म्हणजे साधारण ०.४५ चौरस इंच. सव्वादोन डॉलरमध्ये तीन बोर्ड, जांभळ्या रंगाचे! आयस्लरला प्लेसीच्या दारात जावं लागलं. आज कुणाच्याच दारात जावं लागत नाही.

माझा बोर्ड साधा आहे. चार ७१३५, एक एटीटायनी१३ए, एक घटिकापात्र. १.४ अँपिअर. २६०० एमएएचच्या सेलवर पूर्ण उजेडात पावणेदोन तास, आणि सगळ्यात मंद टप्प्यावर ट्रेकच्या मुक्कामात रात्रभर. सोल्डर पेस्ट लावून, चिमट्याने पार्ट ठेवून, एका जुन्या तव्यावर तो भाजला (तो तवा परत स्वयंपाकघरात जात नाही, शिशाचं काम आहे). १८३ अंशाला पेस्ट वितळते आणि वाकडे बसलेले पार्ट आपोआप सरळ होतात. द्रवाच्या पृष्ठताणाची करामत. बाबाही बघायला आले होते. "अरे, हे तर आपोआप जागेवर बसलं!" म्हणाले. पाचशे रुपयांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

बाबांना द्यायचं उत्तर आता मला सापडलंय असं वाटतं. दिवसभर मी जे काम करतो त्याचा एक तुकडा माझा असतो, बाकी कुठून येतं आणि कुठे जातं ते मला ठाऊक नसतं. मी तिथे स्वस्त आणि लवचीक आहे. या १७ मिलिमीटरमध्ये मात्र तांब्याची प्रत्येक वाट कुठे जाते आणि का जाते हे मी सांगू शकतो. ती बिघडली तर मी दुरुस्त करू शकतो. आणि डिझाईनची फाईल मी खुली ठेवली आहे, कारण ज्यांच्याकडून मी शिकलो त्यांनीही ती तशीच ठेवली होती.

घरात एखादी जुनी एलईडी टॉर्च पडली असेल तर आज सेल काढून आत डोकावून बघा. स्प्रिंगच्या मागे तो गोल बोर्ड दिसेल. त्यावर चिपा किती आहेत मोजा आणि ३५० ने गुणा. कुणाकडे आठापेक्षा जास्त निघाल्या तर मला जरूर कळवा!